कोनाड्यातला वीर

वरच्या खोलीची किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलेली दिसली, म्हणजे हिरा उजाडायच्या आतच गेली होती. मी किल्ली उचलली, पदर खोचला आणि जिन्याकडे बघत जरा वेळ नुसतीच उभी राहिले. सोळा पायऱ्या होत्या. पंचवटीतल्या त्या घरात तोवर एकवीस वर्षं मी त्या चढत-उतरत होते, आणि त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत कोणीतरी त्यांत भर घातल्यासारखं वाटायला लागलं होतं.

"काय काय टाकून गेलीय?" खिडकीतून ह्यांचा आवाज आला.

"दार तरी उघडू द्या आधी."

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, कचेरी सुटली. आवाज मात्र शाबूत राहिला आणि तो खाटेवरून सगळं घर चालवायचा. आधी भाडेकरूंचं सगळं हेच बघायचे. आता त्यांनी सांगायचं आणि मी करायचं, अशी वाटणी झाली होती.

अकरा महिन्यांचा कागद संपला की माणसं जातात, पण पुरती जात नाहीत, हे मी तोवर शिकले होते. कोणी सायकलचं एक चाक ठेवून जायचं, कोणी बुडाला भोक पडलेली घागर. एक मास्तर तर तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माळ्यावर सोडून गेले होते. ती पोरं एव्हाना बाप झाली असतील. ह्यांचा नियम ठरलेला होता. वस्तू बोचक्यात बांधायची, वर नाव आणि तारीख लिहायची, सहा महिने जिन्याखाली ठेवायची. माणूस आला तर द्यायची, नाही आला तर भंगारवाल्याला.

"ठेवायची किंवा द्यायची," हे म्हणायचे. "मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही."

हा टोमणा मला असायचा. एकदा एका बाईंची मागे राहिलेली गोधडी मी धुऊन, उसवलेलं शिवून, घडी घालून ठेवली होती. त्या घ्यायला आल्या आणि खूश व्हायच्या ऐवजी तिचा वास घेत बसल्या. "साबणाचा वास येतोय," एवढंच म्हणाल्या. मला रागच आला होता. कमरेचा काटा ढिला होईस्तोवर धुतली होती ती गोधडी.

हिराच्या खोलीत टाकलेलं असं काहीच नव्हतं. फरशी पुसलेली, ओटा घासलेला, स्टोव्हमागच्या काळ्या भिंतीवरसुद्धा तिनं चुन्याचा हात फिरवला होता. तिचे तीन कागद झाले, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं ती तिथं एकटी राहिली. तिशीतली विधवा बाई, शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला. कधी आवाज नाही, कधी पाहुणा नाही. अशा भाडेकरूबद्दल घरमालकाला काहीच माहीत नसतं, कारण विचारायची वेळच येत नाही.

मी परत फिरले तेव्हा कोनाड्याकडे लक्ष गेलं. लाल कापडाची चार बोटं रुंद घडी, तिच्यावर भिंतीला टेकवून उभा केलेला एक टाक, आणि पुढ्यात कालचं झेंडूचं फूल.

चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले असे देवांचे पाच टाक आमच्याही देव्हाऱ्यात होते. पण हा देवाचा नव्हता. घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. वीर होता तो. घरातला एखादा पुरुष अकाली गेला की आमच्या नाशकाकडे पुष्कळ घरांत त्याच्या नावाचा वीर करतात, देवांच्या शेजारी मांडतात आणि धुळवडीला वाजतगाजत गंगेवर नेऊन न्हाऊ घालतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आमच्या घरात वीर नव्हता, पण गल्लीतले निघायचे तेव्हा मी दारात उभी राहून हात जोडायची.

ह्याचं काम मात्र अगदीच शिकाऊ हाताचं होतं. स्वार वाकडातिकडा, घोड्याचे पाय आखूड, आणि खालच्या एका कोपऱ्याला पत्रा चिरलेला. मी तो कापडात गुंडाळला आणि खाली घेऊन आले.

"वीर विसरून गेली," मी ह्यांना दाखवलं.

ह्यांनी डाव्या हातात धरून तो बराच वेळ पाहिला. "देव विसरून कोणी जातं का?"

"गेलीय ना. आता काय, बोचक्यात बांधून जिन्याखाली ठेवू?"

"आहे तसा ठेव आपल्या देवांजवळ."

"दुसऱ्याच्या घरचा वीर? आणि चिरलेला? काही झालं म्हणजे?"

"अजून काय व्हायचं राहिलंय?" हे स्वतःच्या पायाकडे बघत म्हणाले.

मी वीर परत घेऊन फडताळात ठेवला. राग ह्यांचा नव्हता, माझाच मला होता. आदल्या संध्याकाळी हिरा दोनदा दारात येऊन गेली होती. पहिल्यांदा मी ह्यांची चादर बदलत होते. दुसऱ्यांदा पातेलं उतू चाललं होतं. "मावशी, एक सांगायचं व्हतं," ती म्हणाली, आणि मी मागे वळूनही न पाहता म्हटलं, "उद्या सांग गं बाई, आज माझ्यात जीव नाहीये." ती बरं म्हणाली. उद्या उजाडायच्या आत ती गेली, आणि तिचं सांगायचं होतं ते तिच्यापाशीच राहिलं.

कागदावर तिच्या गावचा पत्ता होता. तिथं कार्ड टाकलं, उत्तर आलं नाही. गणवेशाच्या कारखान्यात जाऊन आले. तिनं काम सोडलं, एवढंच त्यांना माहीत होतं. तोवर वरच्या खोलीत नवं जोडपं राहायला आलं आणि कोनाड्यात त्यांचा रेडिओ बसला.

वीर माझ्या फडताळात होता. एरवी मी काही फार देवभोळी नाही, पण त्या दिवसांत मला सगळ्याचीच धास्ती वाटायची. ह्यांना खोकला आला तरी मी फडताळाकडे बघायची. अखेर एका सकाळी त्याला पिशवीत घातला आणि गंगेवर सोडायला घेऊन गेले.

घाटावर एक म्हातारे गुरुजी ऊन खात बसले होते. मी पायरीवर घुटमळते आहे हे पाहून त्यांनी हाक मारली. मी टाक दाखवला, सगळं सांगितलं.

"वीर आहे हा," ते म्हणाले. "घरच्या माणसानं सोडायचा असतो. तुम्ही कोण त्याच्या?"

"घरमालकीण."

गुरुजी हसले. "मग नाही चालायचं."

"मग मी काय करू? कोणी न्यायला येत नाही. घरी ठेवायचा तर चिरलेला आहे."

"खंडित तर ठेवूच नका. सोनाराकडून उजळून घ्या, म्हणजे नवा करून घ्या. आणि तांदळात ठेवा. आली बाई तर तिला तिचा वीर साजरा मिळेल. पुण्याचंच काम आहे."

पुण्याचं काम म्हटल्यावर मला हुरूप आला. दोन वर्षं मी फक्त गू-मूत आणि औषधं करत होते. त्यांत पुण्य असतं असं सगळे म्हणायचे, पण ते केल्यावर बरं वाटायचं नाही. हे करून बरं वाटेल असं वाटलं. घाटावरून तशीच मी सराफात गेले.

कुलथे सोनार आमच्या माहेरपासूनच्या ओळखीचे. त्यांनी टाक नखावर वाजवून पाहिला. "पत्रा अगदी झिजलाय, काकू. खेड्यातलं काम दिसतंय. हा आटवून त्यातच थोडी भर घालतो आणि ठशावर नवा उठवून देतो. चालेल?"

"चांगला करा," मी म्हटलं. "नीट, सरळ."

आठवड्यानं घेऊन आले तेव्हा तो खरोखर देखणा झाला होता. घोडा उमदा, तलवार लखलखीत, मुंडासं बांधलेला स्वार ताठ बसलेला. मी ह्यांच्यापुढे धरला.

"हा तिचा?" ह्यांनी विचारलं.

"तिचाच. उजळून घेतला."

"तुला सांगितलं होतं आहे तसा ठेव म्हणून."

"तुमचं आपलं काहीतरीच. केवढा छान झालाय बघा तरी."

ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी पितळी डब्यात तांदूळ घेतले, त्यांत वीर ठेवला, डबा देव्हाऱ्याच्या खाली सरकवला आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

धुळवडीला दुपारी दीडच्या सुमारास हिरा आली.

मी आधी ओळखलंच नाही. हिरवी साडी, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. हातातल्या पिशवीतून झेंडूची माळ बाहेर डोकावत होती. दारातच उभी राहून ती म्हणाली, "मावशी, कामात हायेत का?"

"ये ये. अगं, हे काय? कधी झालं?"

"हितून गेले ना, त्याच दिवशी. येवल्याचे हायेत. बिजवर हायेत, दोन लेकरं हायेत पदरी. माणूस चांगलाय." ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. "तेच सांगायचं व्हतं त्या सांजंला. पण तुमची गडबड चालली व्हती."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. तिच्याशी नजर मिळवणं मला जड जात होतं, म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, "तुझा वीर विसरून गेली होतीस. मी ठेवलाय हो नीट."

"इसरले नव्हते, मावशी. ठिवून गेले व्हते."

खाटेवर हे जागे होते. त्यांनी मान इकडे वळवली.

"नव्या घरच्या देव्हाऱ्यात पहिल्याचा वीर कसा न्यावा?" हिरा म्हणाली. "त्याच्या घरी द्यावा, तर दीर म्हणला, आमच्यात वीर करीत न्हाईत. मीच करून घेतला व्हता हट्टानं. गंगेत सोडायला दोनदा गेले. हात उघडंना. मग म्हणलं, मावशीच्या कोनाड्यात ठिवावा. त्या देवाचं टाकून देनार न्हाईत. आनि वर्साला एकदा धुळवडीला येऊन न्हाऊ घालून जावं, तेवढं तुम्हाला इचारायचं व्हतं. येवल्यात सांगून आलेय, बहिनीकडं चाललेय. पाचाच्या गाडीनं परत जायचंय."

तिनं पिशवीतून सामान काढून मांडलं. खोबऱ्याची वाटी, हळदकुंकवाच्या पुड्या, माळ, नव्या लाल कापडाचा तुकडा. टाक वाटीत ठेवून तिला गंगेवर न्यायचा होता. सगळं तिनं दोन महिने मनात मांडून ठेवलं असावं, इतकं ते एका हातासरशी झालं.

मी डबा आणला. झाकण काढलं, तांदूळ बाजूला सारले आणि वीर तिच्या हातावर ठेवला. खरं सांगायचं तर मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं छान म्हणावं, असं मला वाटत होतं.

हिरानं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"ह्यो कोन?" ती म्हणाली.

"तुझाच गं. कोपऱ्याला चिरला होता ना, खंडित ठेवू नये म्हणतात. म्हणून उजळून घेतला. कुलथ्यांनी तीच चांदी आटवून केलाय."

"आटवून."

"त्यातच भर घालून."

ती टाकावरून अंगठा फिरवत राहिली, खालून वर, मुंडाशापाशी येऊन थांबायचा आणि परत खाली. बाहेर गल्लीत हलगी वाजायला लागली होती, वीर निघायची तयारी चालली होती.

"हिरा, काय झालं?"

"काही न्हाई, मावशी." मग ती थोडी हसली. "ते ब्यांडात व्हते ना. ट्रम्पेट वाजवायचे. ब्यांडवाल्यानं दिलेली टोपी डोक्याला मोठी व्हायची, मग ती अशी एका कानावर उतरायची. किती येळा सरळ केली तरी वाजवाय लागले की उतरायची. ह्यो वीर केला ना, तो आमच्या गावच्या सोनारानं. म्हातारा व्हता, दिसत नव्हतं त्याला. त्याच्या हातनं मुंडासं वाकडं झालं. नीट करून देतो म्हनला, म्या म्हणलं, हात लावू नका. म्हणलं, ह्योच हाये. फोटू न्हाई ना माझ्यापाशी एकबी. लग्नातला व्हता तो दिरानं ठिवून घेतला."

मी खाटेकडे पाहिलं. ह्यांनी डोळे मिटले होते.

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं म्हाईत असनार? म्या सांगितलंच नव्हतं."

"उद्या मी सोनाराकडे जाते. परत तसाच करून घेते."

तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. टाक नव्या लाल कापडात गुंडाळला आणि माझ्या हातात परत दिला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. चांगलाय. घोडा लई चांगला झालाय."

"अगं, न्हाऊ घालायला आलीस ना? गंगेवर जाऊन ये. अजून वेळ आहे गाडीला."

"कुनाला न्हाऊ घालू, मावशी?"

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं माळ आणि पुड्या माझ्या देव्हाऱ्यापुढे ठेवल्या, खोबऱ्याची वाटी मात्र परत पिशवीत घातली. मी केलेला चहा अर्धा प्यायली. ह्यांच्या पाया पडली, माझ्या पडली. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, "बरंच झालं म्हना. दर वर्साला खोटं बोलून यावं लागलं असतं. आता तेवढं तरी चुकलं."

जाताना तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. ती मनापासून बोलत होती की मला धीर देत होती, ते मला आजही ठरवता येत नाही. पाचाच्या गाडीला अवकाश होता, तरी ती साडेतीनलाच निघून गेली. समोरून गल्लीतले वीर वाजतगाजत येत होते, त्यांना वाट द्यायला ती भिंतीला चिकटून उभी राहिलेली मला दारातून दिसली.

"उद्या जा कुलथ्यांकडे," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसले होते. कुलथ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टाक हातात घेतला आणि चष्मा पुसला.

"मुद्दाम वाकडं करायचं काम आजवर कोणी आणलं नव्हतं, काकू. पण करू. मागून लाखेचा भराव घालतो आणि मुंडाशाची रेघ हातानं फिरवतो. होईल." त्यांनी बारीक हातोडी आणि छिन्नी काढली, टाक ठोकळ्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या कानावर उतरलं होतं? डाव्या की उजव्या?"

मी सांगायला तोंड उघडलं.

कोनाड्यातून तो मी माझ्या हातानं उचलला होता. फडताळात होता तेव्हा दिवसातून दोनदा त्याच्याकडे बघत होते. घाटावर गुरुजींना दाखवला, इथं ह्याच ठोकळ्यावर ठेवला. घोड्याचे आखूड पाय मला आठवत होते, चिरलेला कोपरा आठवत होता. मुंडासं कुठल्या अंगाला होतं ते आठवेना. हिरा बोलताना तिनं हात कानाशी नेला होता, तेवढं दिसत होतं. कोणता हात, कोणता कान, काही नाही.

"तुम्हाला आठवतंय का?" मी विचारलं.

"रोजचे दहा टाक जातात हातावरून, काकू. आटवायचा म्हणून घेतलेला कोण बघतो?"

"अंदाजानं करता येईल?"

"येईल की. पण चुकीच्या बाजूला झाला तर?"

दुकानात दुसरी गिऱ्हाइकं आली. कुलथे हातोडी धरून थांबले होते. मला त्या ठोकळ्यापुढे रडू आलं, सराफाच्या भर बाजारात, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला. "राहू द्या," मी म्हटलं आणि टाक उचलला.

त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. हिरा परत आली नाही, आणि मीही येवल्यात जाऊन तिचा शोध घेतला नाही. तिच्या नव्या घरात मी काय म्हणून जाणार होते? हे त्यानंतर सहा वर्षं होते. वर भाडेकरू आले आणि गेले, त्यांचं जे राहिलं ते मी बांधून, नाव घालून जिन्याखाली ठेवलं आणि त्यातल्या कशालाही पाणी लावलं नाही. मागच्या वर्षी ते घरही दिलं. मुलाकडे ह्या चौथ्या मजल्यावर आले तेव्हा सामानात पितळी डबा होता. सून म्हणाली, "आई, हा कोणाचा?" मी म्हटलं, "भाडेकरूचा."

धुळवडीला मी त्याला खोबऱ्याच्या वाटीत ठेवते. गंगा आता दूर पडते, म्हणून तांब्यातल्या पाण्यानंच न्हाऊ घालते, पुसते, फूल वाहते. तो ताठ बसलेला असतो, मुंडासं सरळ. मग दार लोटून घेते, त्याला हातावर धरते आणि आधी माझी मान डाव्या खांद्याकडे वाकडी करून बघते, मग उजव्या.